न वापरलेलं जुनं अमेरिकन मनगटी घड्याळ: साल कसं ओळखावं, किंमत कशी ठरवावी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

१९६५ साली अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला. त्यानंतर मराठी घरांतले डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने तिकडे गेले आणि सुट्टीला परत येताना वडिलांसाठी, सासऱ्यांसाठी, धाकट्या भावासाठी घड्याळ घेऊन आले. बऱ्याच घरांत ते "चांगलं आहे, कार्याला घालू" म्हणून कपाटात ठेवलं गेलं आणि तिथेच राहिलं. आज ती डबी नातवंडांच्या हाती लागते, आणि घड्याळ कधीचं आणि किती किमतीचं हे दोन प्रश्न माझ्याकडे येतात. उत्तरं खाली आहेत. पण वाचून होईपर्यंत एवढं करा: चावी देऊ नका, फडक्याने पुसू नका, मागचं झाकण उघडायला जाऊ नका.

"न वापरलेलं" घड्याळ कशाला म्हणायचं?

संग्राहक "न्यू ओल्ड स्टॉक" म्हणतात ते घड्याळ दुकानातून कधी गिऱ्हाइकाकडे गेलेलंच नसतं. कपाटात राहिलेलं भेटीचं घड्याळ काटेकोरपणे त्यात बसत नाही, पण ते खरोखर मनगटावर चढलं नसेल तर खरेदीदार दोन्हींना जवळपास सारखा मान देतात. मात्र "दोन-तीन लग्नांत घातलं होतं, बाकी नवंच आहे" हे न वापरलेलं नव्हे. ते उत्तम स्थितीतलं जुनं घड्याळ झालं. तसं प्रामाणिकपणे सांगितलं तरी त्याला चांगली किंमत येते.

खरंच वापरलेलं नाही, हे कशावरून ओळखायचं?

भिंग घ्या आणि डायलकडे नंतर बघा. आधी पट्टा बघा. बकलची जीभ ज्या भोकात बसते तिथे चामडं थोड्याच दिवसांत ताणलं जातं आणि बकलखाली आडवी घडी पडते. न वापरलेल्या पट्ट्याची सगळी भोकं सारखी गोल असतात.

मग केसचे, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या बाह्य कवचाचे, पट्टा जिथे बसतो ते कान आतून बघा. पट्टा बदलताना स्प्रिंग बार (पट्टा अडकवणारी स्प्रिंगची काडी) काढला की तिथे बारीक ओरखडे हमखास उमटतात. चावीवरच्या खाचा बोटाला किंचित टोचायला हव्यात. मागच्या झाकणावरची अक्षरं काठाला धारदार हवीत, कारण वर्षानुवर्षं मनगटावर घासल्याने पहिल्यांदा तीच बोथट होतात. केसच्या कडा मऊ, साबणाच्या वडीसारख्या झाल्या असतील तर ते घड्याळ वापरलेलं आहे किंवा त्याला पॉलिश मारलेलं आहे.

झाकण जाणकाराकडून उघडून घेतलंत तर आतल्या बाजूलाही बघा. घड्याळजी दुरुस्तीची खूण म्हणून झाकणाच्या आत टोकदार सुईने तारीख किंवा आकडे कोरून ठेवत. तिथे एकही कोरीव खूण नसेल आणि मशीनच्या स्क्रूंच्या खाचा कोऱ्या असतील तर तो फार मोठा पुरावा असतो.

आकडे आणि काटे चमकणारे आहेत. त्यावरून काही कळतं का?

कळतं, आणि मला स्वतःला सगळ्यात आवडणारी खूण हीच आहे. १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग वापरत. रेडियम लावलेले काटे एकाच जागी दशकानुदशकं थांबले की खालच्या डायलवर त्यांची तपकिरी सावली उमटते. काटे बाजूला सरकवले की आणखी एक फिकट घड्याळ डायलमध्ये दिसतं, ते थांबलं होतं त्याच वेळी अडकलेलं. माझ्याकडे आलेल्या एका लष्करी बनावटीच्या घड्याळात ती सावली दहा वाजून अकरा मिनिटांवर होती, इतकी स्वच्छ की जणू पेन्सिलीने काढलेली. घड्याळ वर्षानुवर्षं एका जागी पडून होतं एवढं त्यावरून नक्की ठरतं. पडून राहण्याआधी कुणी घातलंच नव्हतं, हे मात्र पट्ट्यावरून आणि केसवरूनच ठरवावं लागतं.

एक काळजी घ्या. रंगाची चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नाही. चमकणारा पदार्थ थकतो, रेडियम तसंच राहतं. त्याचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे. असं घड्याळ घरी उघडू नका, रंग खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. हे रंगकाम करणाऱ्या न्यू जर्सीतल्या ऑरेंज आणि इलिनॉयमधल्या ओटावा इथल्या मुलींनी ब्रश ओठांनी टोकदार करता करता जीव गमावले. तो इतिहास डोळ्यांसमोर ठेवला की काळजी आपोआप घेतली जाते.

साल शोधायला सुरुवात कुठून करायची?

मशीनपासून. जवळपास प्रत्येक जण इथेच चुकतो. मागच्या झाकणावरचा लांबलचक नंबर घेऊन इंटरनेटवरच्या तक्त्यात शोधतो आणि भलतंच साल सापडतं. एल्जिन, वॉलथम, हॅमिल्टन या जुन्या अमेरिकन कंपन्यांचे तक्ते मशीनवरच्या नंबराचे आहेत. केसचा नंबर केस बनवणाऱ्याचा असतो आणि केस बरेचदा दुसऱ्याच कंपनीने बनवलेली असते. वॉड्सवर्थ, स्टार, कीस्टोन ही नावं झाकणाच्या आत दिसतात, ती अशा केसवाल्यांची.

बुलोव्हाचं साल कसं वाचायचं?

हे सगळ्यात सोपं. १९५० पासून कंपनीने एक अक्षर आणि एक आकडा अशी खूण ठेवली. अक्षर दशकाचं, आकडा वर्षाचा. 'एल' म्हणजे १९५० चं दशक, 'एम' १९६० चं, 'एन' १९७० चं. म्हणजे एल३ असेल तर १९५३, एम७ असेल तर १९६७, एन१ असेल तर १९७१. ही खूण झाकणावर असते आणि मशीनवरही. दोन्हींमध्ये एक वर्षाचा फरक असेल तर घाबरू नका, मशीन आधी बनून केसमध्ये नंतर बसलेलं असतं. फरक सहा-सात वर्षांचा असेल तर मात्र मशीन किंवा झाकण बदललेलं आहे असं समजा.

१९५० च्या आधी बरीच वर्षं बुलोव्हाने आकड्यांऐवजी त्रिकोण, चंद्रकोर, ढाल अशी छोटी चिन्हं वापरली. ती मशीनवर भिंगाखालीच दिसतात आणि संग्राहकांनी जुळवलेल्या तक्त्याशी ताडून बघावी लागतात.

हॅमिल्टन, एल्जिन आणि वॉलथमचं काय?

हॅमिल्टन पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरची, १८९२ ची कंपनी. अमेरिकेतलं उत्पादन तिने १९६९ साली बंद केलं, म्हणजे लँकेस्टरमध्ये बनलेलं मशीन त्याआधीचं. तिच्या मनगटी मशीनांवर ग्रेडचा, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा, आकडा ठळक असतो आणि वयाची पहिली दिशा तोच देतो. उदाहरणार्थ ९८० आणि ९८२ ही मशीनं दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागची, तर २२ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे आतले माणकाचे बेअरिंग) ७७० हे १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरचं. युद्धाच्या काळात हॅमिल्टनने साध्या गिऱ्हाइकांसाठी घड्याळं बनवणं थांबवलं आणि सगळा कारखाना लष्कराच्या कामाला लावला. म्हणून १९४३ चं म्हणून कुणी नागरी हॅमिल्टन दाखवलं तर दोनदा तपासा.

एल्जिनची सुरुवात १८६४ ची. इलिनॉयमधल्या एल्जिन गावचा मूळ कारखाना १९६४ साली बंद झाला. वॉलथमने मॅसॅच्युसेट्समधलं घड्याळांचं उत्पादन १९५७ साली थांबवलं. दोन्ही नावं पुढे विकली गेली आणि इतरांच्या घड्याळांवर छापली गेली. म्हणून १९८० च्या दशकातल्या क्वार्ट्झ घड्याळावर एल्जिन लिहिलेलं दिसलं तर त्याचा जुन्या एल्जिनशी नावापुरताच संबंध आहे, आणि किंमतही तशीच येते.

टाइमेक्सवर तर काहीच लिहिलेलं नाही.

लिहिलेलं आहे. डायलच्या अगदी तळाला, सहाच्या खाली, काचेच्या कडेला लपलेले बारीक आकडे बघा. १९६० च्या दशकापासूनच्या बहुतेक टाइमेक्सवर आधी मॉडेलचा नंबर, मग मशीनचा नंबर आणि शेवटचे दोन आकडे सालाचे असतात. शेवटी ७१ असेल तर घड्याळ १९७१ चं. तिरका उजेड पाडून मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा, चश्म्याशिवायही दिसेल.

आत "स्विस" लिहिलंय. मग हे अमेरिकन कसं?

ग्रुएन, बेनरस आणि बरीचशी बुलोव्हा घड्याळं अशीच आहेत. मशीन स्वित्झर्लंडमधून यायचं आणि केस, जोडणी, नाव, विक्री हे सगळं अमेरिकेत व्हायचं. ग्रुएनची मशीनं स्वित्झर्लंडमधल्या बील शहरात बनायची आणि अमेरिकेतल्या सिनसिनाटीत केसमध्ये बसायची. यात खोटं काही नाही.

१९३० च्या जकात कायद्यात १७ पेक्षा जास्त ज्वेल असलेल्या आयात मशीनवर १० डॉलर ७५ सेंट जकात बसवली होती. म्हणून आयात मशीनं १७ वरच थांबलेली दिसतात. शिवाय जितक्या स्थितींत (आडवं, उभं वगैरे) मशीनची वेळ जुळवलेली असेल तितकी जकात वाढायची. म्हणून उत्तम मशीनवरसुद्धा "अनॲडजस्टेड" (न जुळवलेलं) असा शिक्का मारून आणत. तो शब्द वाचून मशीन हलकं आहे असं समजू नका.

ज्वेल म्हणजे हिरे नव्हेत, हेही इथेच सांगतो. ते कृत्रिम माणकाचे छोटे बेअरिंग असतात. दागिना म्हणून त्यांना किंमत नाही.

डबी, टॅग आणि गॅरंटीचा कागद आहे. त्यावरून साल निघतं का?

फार छान निघतं, आणि याकडे कुणी बघत नाही म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

किमतीच्या टॅगवर डॉलरच्या पुढे "फेडरल टॅक्स इन्क्लुडेड" (केंद्रीय करासह) किंवा त्याची आद्याक्षरं "एफ.टी.आय." दिसतात का बघा. दागिने आणि घड्याळांच्या किरकोळ विक्रीवर अमेरिकेने १९४१ साली केंद्रीय कर बसवला आणि १९६५ साली तो उठवला. असा टॅग असलेलं मनगटी घड्याळ बहुतेक वेळा या दोन सालांच्या मधलं असतं.

दुकानाचा पत्ता वाचा. "शिकागो ३, इलिनॉय" अशा पद्धतीने शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी क्रमांक असेल तर तो १९४३ ते १९६३ मधल्या टपाल विभागांचा. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर कागद जुलै १९६३ नंतर छापलेला.

झाकणावरचा शब्दही बोलतो. "वॉटरप्रूफ" हा शब्द वापरायला अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस आडकाठी आली आणि त्याजागी "वॉटर रेझिस्टंट" आलं. सोन्याच्या मुलाम्याच्या केसमध्ये "२० वर्षं गॅरंटी", "२५ वर्षं गॅरंटी" असं कोरलेलं असेल तर केस साधारण १९२४ च्या आधीची, कारण त्यानंतर अशा वर्षांच्या हमीला सरकारने मनाई केली.

लष्करी घड्याळांच्या बाबतीत तर काही शोधावंच लागत नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या बेनरस, हॅमिल्टनच्या झाकणावर महिना आणि साल सरळ कोरलेलं असतं.

माझं घड्याळ टिकटिक करत नाही, गुणगुणतं. बिघडलंय का?

नाही. ते बुलोव्हाचं ॲक्युट्रॉन असणार. ऑक्टोबर १९६० मध्ये ते बाजारात आलं. त्यात बॅलन्स व्हीलऐवजी (वेळ राखणाऱ्या, मागेपुढे फिरणाऱ्या चाकाऐवजी) एक छोटा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंप पावणारा दोन टोकांचा चिमटा, असतो, तो सेकंदाला ३६० वेळा कंप पावतो, आणि तुम्हाला ऐकू येतो तो त्याचाच सूर. महिन्याला एका मिनिटाच्या आत अचूकतेची हमी कंपनीने दिली होती, त्या काळात हे थक्क करणारं होतं.

न वापरलेल्या ॲक्युट्रॉनचा शत्रू म्हणजे आत राहून गेलेला सेल. तो पाझरला की तांब्याची केसाहून बारीक तार असलेली कॉइल जाते, आणि कॉइल गेली की किंमतही बरीच उतरते. म्हणून या एका घड्याळाच्या बाबतीत जाणकाराकडून मागचं सेलचं झाकण लवकर उघडून घ्या. पहिल्या पिढीच्या २१४ मशीनला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. आजचे चांदीचे सेल १.५५ व्होल्टचे आहेत, त्यावर ते कधीकधी पुढे धावतं आणि नव्याने जुळवून घ्यावं लागतं. पुढे धावतंय म्हणून "खराब" ठरवून विकू नका.

हॅमिल्टनचं विजेवर चालणारं घड्याळ याआधीचं, जानेवारी १९५७ चं. त्यातलं तिरप्या आकाराचं व्हेंचुरा सगळ्यांना ठाऊक असतं. ५०० क्रमांकाचं मशीन आधीचं, ५०५ हे १९६१ नंतरचं. आत क्वार्ट्झ मशीन असेल तर ते पुढे पुन्हा काढलेलं मॉडेल आहे, मूळ नव्हे.

सोन्याचं आहे असं घरात सांगतात. वजनावर किंमत धरू का?

आधी शिक्का वाचा. नुसतं "१४ के" किंवा "१४ के गोल्ड" असेल तर केस सोन्याची. "गोल्ड फिल्ड" किंवा "आर.जी.पी." (रोल्ड गोल्ड प्लेट) असेल तर वर पातळ पत्रा, आत दुसरा धातू.

हिशेब करून बघू. १४ कॅरेटच्या केसचं वजन ८ ग्रॅम असेल तर त्यात शुद्ध सोनं सुमारे ४.६७ ग्रॅम. आता १० ग्रॅमची, १० कॅरेटची गोल्ड फिल्ड केस घ्या. पत्रा वजनाच्या विसाव्या हिश्शाइतका धरला तर तो अर्धा ग्रॅम, आणि तोही १० कॅरेटचा. शुद्ध सोनं निघालं सुमारे ०.२१ ग्रॅम. मागचं झाकण स्टीलचं असेल तर त्याहूनही कमी. अशी घड्याळं सोनाराकडे वितळवायला दिलेली ऐकली की मनापासून वाईट वाटतं. हाती काहीच लागत नाही आणि साठ-सत्तर वर्षं जपलेली वस्तू एका दुपारी संपते. सोन्याच्या केसचंही वितळवण्याचं मोल ही किमतीची खालची पायरी समजा. न वापरलेलं घड्याळ घड्याळ म्हणूनच विकावं.

चालतंय का बघायला चावी देऊ?

भरपूर चावी देऊन रात्रभर चालवू नका. जुनं तेल वर्षानुवर्षांत सुकून चिकट होतं, आणि कोरड्या चाकांच्या टोकांवर घर्षण सुरू झालं की झीज होते. चावीला दोन-चार हलके वेढे देऊन बॅलन्स हलतो का एवढं घड्याळजीने बघावं आणि थांबावं. तपासणीला तेवढं पुरतं. "जास्त चावी दिल्याने बंद पडलं" असं घरोघरी म्हणतात, पण खरं कारण बहुतेक वेळा सुकलेलं तेलच असतं.

विकायचं असेल तर सर्व्हिसिंग करून विकावं का, यावर माझं मत ठाम आहे: नको. कोऱ्या स्क्रूंच्या खाचा आणि कारखान्यातून आल्यापासून न उघडलेलं मशीन यासाठीच घेणारा जास्त पैसे मोजतो. घालायचं असेल तर मात्र सर्व्हिसिंगशिवाय घालू नका.

थोडं चमकवून घेतलं तर किंमत वाढेल ना?

उतरेल. मी स्वतः हे एकदा भोगलं आहे. १९५० च्या दशकातलं, टॅगसकट आलेलं एक बुलोव्हा मी फक्त काच बदलायला एका दुकानात दिलं आणि परत आलं ते आरशासारखं चकचकीत, कानांच्या कडा गोल झालेलं. दुकानदाराने प्रेमाने, वर पैसे न घेता पॉलिश मारलं होतं. त्यानंतर ते "न वापरलेलं" म्हणून कुणालाही दाखवता आलं नाही. घड्याळ कुणाच्याही हाती देताना "पॉलिश नको, डायलला हात नको" असं चिठ्ठीवर लिहून द्या.

डायल एकदम नवी दिसते. रंगवलेली तर नाही?

हा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. जुन्या घड्याळाची डायल नव्याने रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे सुटे भाग जोडून ते "नवंकोरं" म्हणून विकण्याचा धंदा इतका पसरला की जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना "मुंबई स्पेशल" म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं वापरलं जातं याचं मला दुःख आहे, पण त्याला कारणही आहे. ही घड्याळं बहुतेक स्विस नावांची आणि एचएमटी असतात, तरी परीक्षा तीच.

भिंगाखाली नावाची अक्षरं बघा. मूळ छपाईत रेषा सारख्या जाडीच्या आणि कडा स्वच्छ असतात. रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड, थोडी फुगलेली, मिनिटांच्या रेषा आकड्यांशी न जुळणाऱ्या. सेकंदाच्या छोट्या डायलचं वर्तुळ रेषेवरून सरकलेलं. केस झिजलेली आणि डायल कोरी, ही जोडी दिसली की थांबा. उलट, मूळ डायलवर वयामुळे आलेली हलकी साय असेल तर तिला दोष समजू नका.

मग किंमत नेमकी किती?

आकडा मी इथे देणार नाही. दर बदलतो आणि प्रत्येक घड्याळ वेगळं. पण आकडा काढायची रीत देतो. ऑनलाइन लिलावांवर मागितलेली किंमत सोडून द्या, विकली गेलेली किंमत बघा. तेच मॉडेल, तीच केस, तीच डायल असलेले निदान पाच-सहा पूर्ण झालेले व्यवहार जमवा. ते बहुतेक वापरलेल्या घड्याळांचे असतील. त्याच्या वर "न वापरलेलं" याचा वाढावा चढतो.

हा वाढावा सगळीकडे सारखा नसतो. ॲक्युट्रॉन स्पेसव्ह्यू (आतलं मशीन समोरून दिसणारं मॉडेल), मूळ व्हेंचुरा, लष्करी बेनरस यांना शोधणारे लोक खूप आहेत, तिथे डबी, टॅग आणि कागद मिळून किंमत बरीच चढते. साधं टाइमेक्स कोरं असलं तरी बेताचंच जातं, कारण ती लाखोंनी बनली. बायकांची अगदी लहान घड्याळं कारागिरीत कमी नाहीत, पण आज घालणारं कुणी नाही म्हणून त्यांना भाव मिळत नाही. झाकणावर कोरलेलं नाव किंमत कमी करतं. त्यासोबत तारीख असेल तर निदान घड्याळ त्या दिवसाआधी बनलं हे पक्कं होतं.

व्यापारी देईल ती किंमत, लिलावात येईल ती आणि विम्यासाठी लिहिलेली किंमत, या तिन्ही वेगळ्या असतात. व्यापाऱ्याला नफा ठेवायचा असतो, लिलावगृह कमिशन कापतं. विम्याचा आकडा सगळ्यात मोठा असतो, तो हाती येणार असं धरून चालू नका.

कोकणात, मुंबईत दमट हवा. ठेवायचं कसं?

मूळ डबी वेगळी ठेवा, घड्याळ वेगळं. जुन्या डबीचं कापड ओल धरतं. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा आणि पुड्या पावसाळ्यात बदला. जुनी सेल्युलॉइडची पिवळी पडलेली काच असेल तर जाणकाराला दाखवा, तिच्यातून निघणाऱ्या वाफांनी काटे गंजतात.

विकताना किंवा पुढच्या पिढीला देताना सोबत काय ठेवू?

जे जे कागद सापडतील ते सगळे. एका काकूंनी वडिलांच्या बुलोव्हासोबत निळं एरोग्राम आणून दाखवलं होतं. भावाने मिशिगनहून लिहिलं होतं, "बाबांसाठी घड्याळ घेतलं आहे, शहांचा मुलगा येतोय त्याच्याबरोबर पाठवतो." टपालाचा शिक्का नोव्हेंबर १९६८ चा, घड्याळाच्या झाकणावर एम८. घेणाऱ्याने घड्याळाआधी ते पत्र दोनदा वाचलं. काकूंनी शेवटी घड्याळ विकलं नाही. पत्राची घडी करून ती डबीत ठेवली आणि झाकण लावलं.